कोणाच्या हातचं मीठ

३ नोव्हेंबर, शुक्रवार

ही वही जायलोसीच्या पाण्यासाठी आणली. सिस्टर काम्वेन्डो म्हणाली, तो पाणी किती पितो आणि नळीतून लघवी किती येते ते लिहून ठेव. मी म्हटलं, मी चौथीच शिकलेय. ती म्हणाली, लघवी मोजायला कॉलेज लागत नाही, मावशी. बरं. वहीच्या पुढच्या अंगाला पाणी-लघवी, मागच्या अंगाला हे. बोलायला इथं कोणी नाही, आणि ज्या आहेत त्या फारच बोलतात.

जायलोसी माझा धाकटा भाऊ. तो तान्हा असताना आईनं त्याला माझ्याच पाठीवर बांधला होता, अजून तिथंच आहे म्हणायचं. आमच्याकडे पुरुष लग्न करून बायकोच्या गावात राहायला जातात, तसा हा गेला. गेल्या आठवड्यात सासूच्या अंगणातल्या आंब्यावर चढला. चाळिशीचा बाप्या! पाडाचे आंबे दिसले म्हणे. फांदी मोडली, पाठीवर पडला. आता कमरेखाली काही नाही. मी पायाला चिमटे काढून पाहिले, मग अंगठ्याला दात लावले. "ताई, तिकडे काय करतेयस?" म्हणाला. त्याला कळलंच नव्हतं. "नख काढतेय," म्हटलं.

घरजावई धडधाकट असेपर्यंत सासरचा. आडवा झाला की बहिणीचा. म्हणून मी आलेय. हॉस्पिटल सुया देतं, गोळ्या देतं. रांधायचं, धुवायचं, भरवायचं, कुशीवर वळवायचं ते घरच्या माणसानं. आम्ही सगळ्या सोबतीच्या बाया मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये पडतो. तिथंच तीन दगडांच्या चुली. दिवसभर धूर. माझी कंबर आत्ताच गेलीय.

६ नोव्हेंबर, सोमवार

आज सिस्टरनं आम्हाला सावलीला बसवलं आणि दोरीवर एक कापड टांगलं. कापडावर रंगवलेला माणूस, कातडी सोललेला. ज्यानं बकरं कापलेलं पाहिलंय त्याला त्यात नवीन काही नाही. दोन फुप्फुसं, हृदय, कलेजी, दोन गुर्दे, आतडी. फक्त हा उभा होता आणि आमच्याकडे बघत होता.

सिस्टर म्हणाली, पाठीचा कणा म्हणजे एकावर एक ठेवलेले मणके, आत एक पांढरी दोरी. डोक्याचा निरोप पायाला नेते ती. ती दोरी मला चांगली ठाऊक आहे. वडील बकऱ्याची ओढून काढायचे आणि आम्हा पोरांना निखाऱ्यावर भाजायला द्यायचे. मी आणि जायलोसी तिच्यासाठी भांडायचो.

मी विचारलं, "जायलोसीची तुटली की चेंगरली?"

"चेंगरली असावी."

"मग पायांतली ताकद परत येईल?"

"कधी येते, कधी नाही येत."

"म्हणजे तुला माहीत नाही."

"नाही माहीत," ती म्हणाली. खोटं तरी बोलत नाही.

मग म्हणाली, देह कुठलाही असो, राजाचा की भिकाऱ्याचा, त्याला हवा लागते, पाणी लागतं, अन्न लागतं, ऊब लागते, आणि आतला कचरा बाहेर जावा लागतो. यातलं एक थांबलं की बाकीची थांबतात. तुमचे पेशंट स्वतः हलू शकत नाहीत, तर त्यांचा वारा-पाणी-अन्न तुम्ही.

"आणि झोप?" देलिया आजी म्हणाली. "झोप राहिली की कापडावर."

सगळ्या हसल्या. देलिया आजीची चूल माझ्या चुलीला लागून आहे. तिची नात पाय भाजून आत पडलीय. म्हातारी दिवसभर बोलते. रात्रपाळीचा वॉचमन ड्यूटी संपली तरी तिच्या चुलीशी बसून भाजलेलं कणीस खातो. मी बघते, बोलत नाही.

८ नोव्हेंबर, बुधवार

आज जायलोसीची सलाईन काढली. सिस्टर म्हणाली, आता सगळं तोंडानं. नळी आहे म्हणून पाणी भरपूर पाज, नाहीतर लघवीत घाण धरते. मी तांब्यामागून तांब्या पाजतेय. "मला काय तळं करायचंय?" म्हणतो.

आज त्यानं पहिल्यांदा पोटभर खाल्लं. म्हणजे बसला खायला. न्सिमाचा, मक्याच्या पिठाच्या उकडीचा, गोळा मोडला, भोपळ्याच्या पाल्यात बुडवला, चावला आणि माझ्याकडे बघितलं.

"ताई, मीठ विसरलीस."

"नाही विसरले."

त्याला समजलं. आमच्यात जाणत्या माणसाला एवढ्यावर समजतं. आजाऱ्याच्या कालवणात मीठ कोणीही उठून टाकायचं नसतं. ज्या बाईनं पुरुषाशी संग केलाय, किंवा जी महिन्याची बसलीय, ती गरम. तिच्या हातचं मीठ आजाऱ्याला आतून कापत जातं. त्या दुखण्याला आम्ही म्दुलोच म्हणतो, कापणारं. माझ्या आत्याचा नवरा तसाच गेला. गावी असते तर शेजारची एखादी लहान पोर बोलावली असती, तिच्या चिमटीनं टाकलं असतं. इथं कोण कोणाची?

आणि मी? पुरुषाचं म्हणाल तर माझा नवरा जाऊन वर्षं झाली, तिकडून मी थंडगार. पण महिन्याचं काही कळत नाही. पूर्वी चंद्र बघून सांगायचे. आता कधी दोन-तीन महिने नाही, कधी सकाळी काही नसतं आणि दुपारी चुलीपाशी वाकलेली असताना सुरू. मीठ टाकायच्या क्षणी मी कशी आहे हे मलाच माहीत नाही. मग भावाच्या जिवाशी खेळायचं का? नाही टाकायचं. फिकं खाऊन कोणी मरत नाही.

मीही त्याच भांड्यातलं खाते. दोन भांडी कोण घासणार.

११ नोव्हेंबर, शनिवार

कुशीवर वळव, पाठ बघ, पुन्हा वळव. पाठीला लाल डाग पडला की सिस्टर माझ्याकडे असं बघते जसं मीच रंगवला. नळीची पिशवी रिकामी कर. पाणी पाज. अंग पूस. देहाला एवढं लागतं हे आपण धड असताना कळत नाही, आपला आपण चालत असतो.

जायलोसी मंद झालाय. सलाईन होती तोवर थट्टा करायचा, नर्सिंगच्या पोरींना म्हणायचा माझ्या पायांना विचारा, ते झोपलेत, मी जागा आहे. आता छताकडे बघतो. डोकं दुखतं म्हणतो. मी म्हटलं, एवढं पाणी पितोस तरी डोकं दुखतं? मग आणखी पाजलं.

माझ्या पोटऱ्या वळतात. वय.

१४ नोव्हेंबर, मंगळवार

मामा आले. आमच्यात बाप नव्हे, मामा बोलतो. त्यांच्याबरोबर फलेसी, जायलोसीची बायको. आल्या आल्या पलंगाशी बसून त्याचे पाय चोळायला लागली. मी म्हटलं, "त्याला कळत नाही ते." "माझ्या हाताला कळतं ना, वन्सं," म्हणाली. तोंडाला तोंड.

त्यानं जेवायला मागितलंच नाही. फलेसीनं कालवण चाखलं आणि म्हणाली, "अळणी आहे." पदराच्या टोकाला मिठाची पुरचुंडी बांधून आणलेली, मी बघितली.

ती शेडमध्ये माझ्या चुलीशी आली तेव्हा मामा समोर बसले होते. मामांनीच विषय काढला. "पोरी, तुझा नवरा पडल्यापासून तू कशी राहिलीस ते तुझं तुला माहीत. आम्ही काही विचारत नाही. पण तू स्वच्छ असशील तर हे घे भांडं, आमच्यादेखत मीठ टाक."

सगळी शेड ऐकत होती. देलिया आजीनं पळीसुद्धा ढवळायची थांबवली.

फलेसी उभी राहिली. पुरचुंडीची गाठ सोडायला घेतली. मग परत बांधली.

"आज नको, मामा," म्हणाली.

"आज नको म्हणजे?"

"आज नको." मान खाली. आणि गेली नळावर, तिथं उगाच फडकं धूत बसली.

संपलं. आणखी काय सांगायचं राहिलं? जी स्वच्छ आहे ती टाकून मोकळी होते. मामा गाडीला लागताना म्हणाले, "एनेलेसी, हिचा हात त्याच्या अन्नाला लागू देऊ नकोस." मी फलेसीला सांगितलं, तू जा, पोरं एकटी असतील. तिनं विचारलं, वन्सं, जुनं एखादं फडकं असलं तर द्याल का, लांबचा रस्ता आहे. मी म्हटलं, माझ्याकडे काय कापडाचं दुकान आहे? गेली. दोनदा मागं वळून बघितलं. मी नाही बघितलं.

मग मला कसं कळलं ती दोनदा वळली ते? बरं, बघितलं.

१७ नोव्हेंबर, शुक्रवार

दोन दिवस काही राहत नाही पोटात. घोट घेतो, ओकतो. मी पुन्हा पाणी. सिस्टर सुट्टीवर आहे, दुसरी आहे ती नुसती तापाची काडी लावते आणि जाते. ताप नाही म्हणते. जसं काय मी ताप आहे म्हणत होते.

आज मला म्हणाला, "आई, पाठीवर घे ना."

मी म्हटलं, "मी एनेलेसी. आई मेली."

"हो का," म्हणाला. "मला कोणी सांगितलं नाही."

बाहेर येऊन भांडी घासली. घासलेलीच होती.

१८ नोव्हेंबर

हे फलेसीचंच काम. त्या दिवशी चाखताना पळी भांड्यात बुडवली होती तिनं. तेवढ्यानंही होतं.

मामांना निरोप पाठवू की नको? पाठवला तर ते तिचं घर मोडतील, पोरांसकट. नाही पाठवला आणि हा गेला तर मला विचारतील. आज वळवायला उठले तर माझेच पाय उचलेनात.

२० नोव्हेंबर, सोमवार

सकाळी त्याला झटका आला. डोळे वर, दात घट्ट, हात आपटतोय, पाय मात्र तसेच, कोणा दुसऱ्याचे असल्यासारखे पडलेले. मी ओरडले. आजवर कधी अशी ओरडले नव्हते, नवरा गेला तेव्हाही नाही.

सिस्टर काम्वेन्डो परत आली होती, धावत आली. डॉक्टर आला, तरुण आहे, मोज्याला भोक आहे. सुई दिली, झटका थांबला. त्यानं वहीची पुढची पानं मागितली, पाण्याची. बघितली. रक्त काढून नेलं. मग सिस्टरला विचारलं, हा खातो काय?

सिस्टर सरळ शेडमध्ये आली, माझ्या भांड्यात बोट घातलं आणि चाटलं. मग माझ्याकडे बघत राहिली.

"मावशी, यात मीठ नाही."

"विसरले."

"आजच?"

मी पळी उचलून भांडं ढवळलं.

"किती दिवस?"

"तूही आमच्यासारखी चेवाच ना?" मी म्हटलं. "मग विचारतेस काय?"

तिनं बुडाखाली विटकर ओढली आणि माझ्यासमोर बसली. शुभ्र कपड्यानिशी, त्या राखेत. आवाज खाली घेतला. "माझी आईही नाही टाकायची. आम्ही सात भावंडं, मीठ टाकायला एकेक पोर मोठी होईपर्यंत राखून ठेवायची. मी तुला त्यावरून काही बोलत नाही. पण त्याच्या रक्तातलं मीठ संपत आलंय. तू पाण्यानं ते धुऊन काढतेयस. मीठ नसलं की डोकं फुगतं, माणूस भ्रमतो, झटके येतात. असंच राहिलं तर तो मरेल."

"आणि टाकलं तर?"

"तर जगेल."

"हे तू म्हणतेस."

"हो. मी म्हणते."

मी म्हटलं, "मला कापडावर दाखव. त्या सोललेल्या माणसात मीठ कुठं ठेवलेलं असतं? कुठल्या पिशवीत?"

"कुठल्याच नाही. सगळीकडे असतं. रक्तात, घामात, डोळ्यातल्या पाण्यात. म्हणून रंगवता येत नाही."

ती गेल्यावर मी गालाला बोट लावून चाटलं. खारट होतं. रडत नव्हते मी, चुलीचा घाम.

२१ नोव्हेंबर, मंगळवार

त्याला पुन्हा बाटली लावलीय. थेंब थेंब. तो झोपलाय. मी सिस्टरला म्हटलं, ही आधीचीच ना, पाण्याची? ती म्हणाली, नुसतं पाणी नाही, सलाईन म्हणजे मिठाचं पाणी. आधीही तेच होतं.

मी ताडकन उठले. "कोणी टाकलं त्यात मीठ?"

"कारखान्यात टाकतात."

"कारखान्यात कोण?"

"मला काय माहीत, मावशी!"

"म्हणजे कोण कुठली बाई, रात्री कोणाबरोबर निजलेली, तिच्या हातचं मीठ तुम्ही माझ्या भावाच्या शिरेत घालताय? तोंडातसुद्धा नाही, सरळ रक्तात?" मी नळीला हात घातला. सिस्टरनं माझं मनगट धरलं. बारीक आहे पण पकड आहे.

"आधीचे दिवस हेच जात होतं त्याच्या अंगात," ती म्हणाली. "तेव्हा तो कसा होता?"

थट्टा करत होता. नर्सिंगच्या पोरींना हसवत होता.

मी मनगट सोडवून घेतलं आणि बाहेर येऊन देलिया आजीला सगळं सांगितलं. सांगायचं नव्हतं, पण सांगितलं. म्हातारी कणीस फिरवत म्हणाली, "अगं, कारखान्यात यंत्र टाकतं. यंत्राला कुठला नवरा नि कुठला महिना?"

हे पटलं. यंत्र थंड. एवढा वेळ मलाच कसं सुचलं नाही.

पण सिस्टर म्हणाली, बाटली दोन दिवस, त्यानंतर मीठ अन्नातूनच गेलं पाहिजे, रोज. आणि जेवण काही यंत्र रांधत नाही.

"मी टाकू का?" सिस्टरनंच विचारलं.

"तुझा नवरा परवाच लिलाँग्वेहून आला होता ना? म्हणूनच सुट्टी होती."

ती एवढी लाल झाली. मग हसायलाच लागली, तोंडावर हात ठेवून. "मावशी, तुला पोलिसांत घ्यायला पाहिजे."

"मग माझा हात घे," देलिया आजी म्हणाली. "माझं दुकान बंद होऊन जमाना झाला."

"दुकान बंद असेल. गिऱ्हाईक अजून पायरीवर बसतंय ना, कणीस खात."

"तो?" म्हातारी खो खो हसली. "त्याला दात नाहीत म्हणून मी दाणे काढून देते. बाकी त्याच्याकडे काही उरलेलं नाही, विचार त्याला." मग हसणं थांबवून म्हणाली, "एनेलेसी, ज्या पोरीचा नवरा आहे तिला बोलाव की."

"तिनं 'आज नको' म्हटलं. तू ऐकलंस."

"ऐकलं. आणि नळावर ती काय धूत होती ते बघितलंही. तू बाई आहेस की खांब?"

"काय धूत होती?"

म्हातारीनं डोळे मिटून घेतले. "अगं, बसली होती ती त्या दिवशी. महिन्याची. मामाच्या तोंडावर सांगणार होती का? गाठ सोडली, परत बांधली, तुझ्या भावाला जपलं तिनं. आणि तू तिला फडकंसुद्धा दिलं नाहीस."

मी लाकडं आत सारली. ओली आहेत, फार धूर येतो.

मग वॉचमनचा फोन मागितला.

२३ नोव्हेंबर, गुरुवार

फलेसी दुपारच्या आधी आली, सायकलवाल्याच्या मागं बसून, तोंडावर धूळ. मी तिला पाणी दिलं. तिनं आधी आत जाऊन त्याला बघितलं. तो डोळे उघडून होता, पण कोणाकडेच बघत नव्हता. तिनं नाव सांगितलं, त्यानं "या, बसा" म्हटलं, पाहुण्याला म्हणतात तसं. तिला ते लागलं. तशीच शेडमध्ये आली.

मी मोहरीचा पाला चिरून शेंगदाण्याच्या कुटात शिजायला टाकला होता. उकळी फुटली, घट्ट झाला. आता मिठाची वेळ.

"वन्सं," ती म्हणाली, "तो पडला तेव्हापासून मी जमिनीवर झोपतेय, पोरांच्या मधे. आणि आज मी धुऊन-नाहून आलेय. तुम्हाला काय ते समजलं असेल."

"समजलं."

"मी टाकते. त्याला काही झालं तर मामांना बोलवा. मी पळून जाणार नाही."

तिनं गाठ सोडली. थोडं मीठ राखेत सांडलं. आपण खरं बोलतोय हे माहीत असलं तरी सांडतं, कारण देह काही ऐकत नाही आपलं. माझं ऐकतो का? देलिया आजी, पलीकडच्या चुलीवरच्या दातपडक्या दोघी बहिणी, सगळ्या बघत होत्या. फलेसीनं चिमूट घेतली, भांड्यावर धरली आणि माझ्याकडे बघितलं. ती परवानगी मागत नव्हती. मी साक्षीला आहे ना, तेवढं बघत होती.

"टाक," मी म्हटलं. "जास्त नको."

टाकलं. पळी फिरवली.

ताट मीच नेलं. भरवलंही मीच. चार घास गेले. मग मी त्याचा हात धरून बसले आणि वाट बघत राहिले, कुठं कापतंय का, कुठं आखडतंय का. नाडी चालूच होती. छाती वर, खाली. किती चालतं हे सगळं, कोणी न सांगता! हवा आत, हवा बाहेर. आधी कधी असं बघितलं नव्हतं कोणाकडे, आपल्या पोरांकडेही नाही.

तो झोपला. मीही बसल्या बसल्या. उठले तेव्हा फलेसीनं त्याला कुशीवर वळवलं होतं, उशी बरोबर गुडघ्यांच्या मधे.

२६ नोव्हेंबर, रविवार

बाटली परवाच काढली. आता फक्त नळी. आवारात कुठं तरी प्रार्थना चालू आहे, ढोल वाजतोय. सकाळी डॉक्टर येऊन गेला. पायांना सुई टोचून बघितली, काही नाही. कदाचित कधीच काही नाही, म्हणाला. मी त्याला म्हटलं, मोजा शिवून घे.

दुपारी जेवण. फलेसीनं रांधलं, मी फक्त लाकडं सारली. मी ताट धरलं, ती मागं उभी. जायलोसीनं आज गोळा स्वतः मोडला. बुडवला. तोंडात टाकला. चावत राहिला, बराच वेळ. कपाळाला आठी.

"फलेसी," तो म्हणाला. तिच्याकडे न बघताच. "किती वर्षं सांगतोय तुला. मीठ जास्त टाकतेस."

तिनं तोंडात पदर कोंबला. खांदे हलत होते. हसत होती की काय, मला पाठमोरी होती.

"गप खा," मी म्हटलं. "मागं काहीच नव्हतं तेव्हा बोलला नाहीस."

"बोललो होतो. तू ऐकलं नाहीस, ताई."

ताई म्हणाला.

बाहेर येऊन मी भांड्यात बोट घालून चाखलं. बरोबर होतं. अगदी बरोबर. मग बसून उरलेलं सगळं खाल्लं, खरवडीसकट, आणि भांडं पुसून घेतलं बोटानं. एवढ्या दिवसांत कालवणाला चव असते हेच विसरले होते.

सिस्टर म्हणते, मिठाशिवाय ठेवलं म्हणून हे सगळं झालं. म्हणो बापडी. मी म्हणते, वाईट हातांचं मीठ मी लांब ठेवलं म्हणून चांगल्या हाताचं लागू पडलं. यावर ती नुसतं माझ्या खांद्यावर हात ठेवून गेली. जिंकले म्हणायचं.

तो बरा होऊन माझ्याकडे येणार होता. तसंच ठरलं होतं, मामांशी. आज मी फलेसीला पाठ बघायला शिकवली. डाग कुठं धरतो, पिशवी कधी रिकामी करायची, पाणी किती. म्हटलं, ही पुढची पानं तुझ्याकडे. मागची मी फाडून नेते.

"तुम्ही कुठं जाताय, वन्सं?"

"गावी. माझं शेत कोण नांगरणार, तू?"

"आणि मामा?"

"मामांना मी सांगते."

जाताना जुना चितेंजे होता माझा, कमरेला गुंडाळायचा, धुतलेला, मऊ झालेला. तो तिच्या गाठोड्यात टाकला. म्हटलं, फडकी लागतात बाईला.

गाडी संध्याकाळची आहे. तोवर शेडमध्ये चटईवर पडलेय. पोटऱ्या आज वळत नाहीत. देलिया आजी बडबडतेय, वॉचमनला दाणे काढून देतेय. मला काही ऐकू येत नाही, म्हणजे येतंय, पण लांबून. जरा डोळा लागतोय.